पावसाच्या दिवशी प्राणीरक्षकाची पाळी: कामांचा क्रम कसा बदलायचा

पावसाच्या दिवशी प्राणिसंग्रहालयात होणाऱ्या बऱ्याचशा चुका एकाच सवयीतून होतात. क्रम कोरड्या दिवसाचाच ठेवायचा आणि भिजायला नको म्हणून सगळं भराभर उरकायचं. दार उघडलं, प्राणी बाहेर सोडले, पाइप लावून फरशी धुतली, खाणं टाकलं, आडोशाला आलं. उन्हात हे चालून जातं. पावसात मात्र यातलं प्रत्येक काम पुढचं काम वाढवून ठेवतं. न बघता सोडलेला प्राणी वेळेला आत येत नाही, धुतलेली फरशी दिवसभर ओली राहते आणि भिजलेलं खाणं संध्याकाळी तसंच पडलेलं सापडतं.

पावसाळी पाळीत आधी मोजणी, मग परिघाची पाहणी आणि निचरा, मग कोण आत आणि कोण बाहेर याचा निर्णय, त्यानंतर कमीत कमी पाण्यात सफाई आणि मग खाणं. उरलेला वेळ प्राण्यांसोबतच्या कामाला द्यायचा. खाली हाच क्रम टप्प्याटप्प्याने मांडला आहे. तुमच्या संस्थेची सुरक्षा नियमावली याहून कडक असेल तर तीच पाळा.

टप्पा १: तयारी आदल्या संध्याकाळची

पाऊस सुरू झाल्यावर केलेली तयारी म्हणजे निम्मी तारांबळच असते. हवामानाचा अंदाज बघून ही कामं आदल्या दिवशीच उरकून ठेवा.

- गटारांच्या जाळ्या आणि छपराच्या पन्हळी यांतला पालापाचोळा काढा. एक मूठभर पानं अडकली तरी सगळा पिंजरा तुंबू शकतो.
- सुकं गवत, पेंढा आणि भुसा जमिनीपासून वर, लाकडी फळ्यांवर रचा. भिंतीला चिकटवू नका. भिंतीतून ओल झिरपते आणि मागची बाजू बुरशी धरल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही.
- आतल्या प्रत्येक निवाऱ्यासाठी किमान दोन वेळा बदलता येईल इतकं कोरडं अंथरूण हाताशी ठेवा.
- वॉकीटॉकी, विजेऱ्या आणि जनरेटर चालवून बघा. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि पिल्लांच्या खोल्यांतले दिवे बंद पडले तर काय करायचं, हे ठरलेलं असू द्या.
- स्वतःसाठी कोरड्या कपड्यांचा आणि मोज्यांचा जादा जोड ठेवा.

एक गोष्ट मात्र एका संध्याकाळीत होत नाही. हाक मारली की आत येण्याची सवय प्राण्याला चांगल्या हवेतच लावावी लागते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इशाऱ्यावर आत यायचं आणि आत आल्यावर आवडीचं काही मिळायचं, हे महिनोन् महिने चाललेलं असेल तर वादळाच्या दिवशी दार उघडताच प्राणी आत येतो. जिथे आत येणं म्हणजे फक्त कोंडलं जाणं असतं, तिथे तो ऐन पावसात बाहेर उभा राहतो आणि कीपर (प्राणीरक्षक) भिजत हाका मारत बसतो.

टप्पा २: आधी मोजणी, मग परिघ

सकाळी पहिलं काम एकच: कुठल्याही आवारात पाऊल टाकण्याआधी, सुरक्षित मार्गिकेतून प्रत्येक प्राणी आपल्या जागी दिसतो का ते बघणं. सुरुवात मोठे मांसाहारी, अस्वलं आणि मोठी माकडं यांच्यापासून करा. पावसाळी सकाळचा उजेड मिणमिणता असतो, प्राणी कोपऱ्यात मुटकुळं करून बसलेले असतात, आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसात श्वासाचा किंवा गुरगुरण्याचा आवाज कानावर येत नाही. "असेल आत कुठेतरी" हे उत्तर इथे चालत नाही. दिसला तरच मोजला.

मोजणी पूर्ण झाल्यावर बाहेरून परिघाची फेरी मारा. चार गोष्टी बघायच्या.

*खंदक.* कोरड्या खंदकात पाणी साठलं की भिंतीची उंची कमी होते. समजा भिंत ५ मीटर आहे आणि खंदकात दीड मीटर पाणी आहे, तर पोहता येणाऱ्या प्राण्यासमोर साडेतीन मीटरच भिंत उरते. वाघ उत्तम पोहतो, अस्वलंही पोहतात. चिंपांझी आणि गोरिला यांच्या बाबतीत धोका उलटा आहे. त्यांना पोहता येत नाही आणि खंदकातल्या पाण्यात ते बुडू शकतात. खंदकाच्या भिंतीवर ठळक रंगाने धोक्याची रेघ मारून ठेवा. पाणी रेघेला टेकलं की प्राणी बाहेर सोडायचा नाही, मग त्यावर चर्चा नको.

*झाडं.* भिजलेली माती मुळं सोडते. कललेलं झाड किंवा कुंपणावर टेकलेली एखादी लांब फांदी म्हणजे तयार पूल.

*कुंपणाचा पाया.* वाहत्या पाण्याने जाळीखालची माती खणली गेली आहे का ते वाकून बघा. उकरणाऱ्या प्राण्यांना तेवढी सुरुवात पुरते.

*विजेचं कुंपण.* ओलं गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत उतरते आणि झटका क्षीण होतो. व्होल्टमीटरने मोजताना कुंपणाला वीज देणाऱ्या यंत्राजवळच्या तारेवर मोजून समाधान मानू नका. सर्वात लांबच्या टोकाला मोजा, कारण घट तिथे कळते.

> सावधान: घाईत कुलूप लावायचं राहून जाणं ही पावसातली सर्वात धोकादायक चूक आहे. हातात बादली, डोक्यावर टोपी, चष्म्यावर पाणी अशा अवस्थेत कडी सरकवली जाते आणि कुलूप नुसतं अडकवलं जातं. प्रत्येक कुलूप लावल्यावर हाताने ओढून बघा. धोकादायक प्राण्यांच्या दारांवर दुसऱ्या माणसानेही ओढून बघायचं.

टप्पा ३: कोण बाहेर, कोण आत

"पाऊस आहे, सगळे आत" हा नियम सोपा आहे, पण चुकीचा आहे. हत्ती, टॅपिर, कॅपिबारा, पाणमांजरं यांच्यासाठी कोमट हवेतला पाऊस म्हणजे दिवसभराचा उद्योग. वाघालाही पावसाचं फारसं वावडं नसतं. अशा प्राण्यांना दिवसभर कोंडून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

निर्णय घेताना नुसतं तापमान बघू नका. ओलावा आणि वारा एकत्र आले की सौम्य थंडीही लहान शरीराला झोंबते. कमी वजनाची माकडं, पिल्लं, म्हातारे आणि आजारी प्राणी, पिसं झडण्याच्या काळातले पक्षी, आणि मीरकॅट किंवा वाळवंटी कासवांसारखे कोरड्या प्रदेशातले प्राणी यांना आधी आत घ्या. जिराफासाठी खरी भीती थंडीपेक्षा निसरड्या जमिनीची असते. ओल्या काँक्रीटवर त्याचे पाय फाकले तर तो पुन्हा उभा राहू न शकण्याइतका जायबंदी होऊ शकतो. त्याच्या वाटेवर वाळू टाका आणि त्याला कधीही हाकलत नेऊ नका.

शक्य असेल तिथे सर्वात चांगला उपाय म्हणजे दार उघडं ठेवणं आणि निवड प्राण्यावर सोडणं. चिंपांझी काही वेळा पावसात मुद्दाम बाहेर येऊन फांद्या हलवतात, आरडाओरडा करतात. ओरांगउटान डोक्यावर पानं धरून बसतो. त्याला गोणपाट किंवा मोठी पानं मिळाली तर तो आपली सोय आपणच लावतो.

> थांबून बघा: निवारा आहे आणि दारही उघडं आहे, पण कळपातल्या सगळ्यांना आत जाता येतंय का? दांडगा नर किंवा मादी दारातच ठाण मांडते आणि दुबळे बाहेर भिजत राहतात. नोंदवहीत "निवारा उपलब्ध" असं लिहिलेलं असतं, आणि संध्याकाळी तेच दुबळे प्राणी कुडकुडताना सापडतात. निवाऱ्याला दोन दारं हवीत, नाहीतर दोन वेगवेगळे आडोसे हवेत. दहा मिनिटं उभं राहून कोण कुठे आहे हे बघितल्याशिवाय हा टप्पा संपला असं समजू नका.

हरणं आणि काळवीटवर्गीय प्राण्यांच्या बाबतीत एक गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. टोपीचा रेनकोट घातलेला कीपर त्यांना ओळखू येत नाही. आकार बदललेला, चेहरा झाकलेला आणि प्लॅस्टिकची सळसळ. कळप बिथरतो, ओल्या जमिनीवर धावतो आणि कुंपणावर जाऊन आदळतो. लांबूनच नेहमीच्या आवाजात बोलत जा, जवळ गेल्यावर टोपी मागे सारा, आणि अचानक छत्री उघडू नका. रेनकोटची ओळखही चांगल्या हवेतच करून द्यायला हवी.

विजांचा नियम वेगळा आहे आणि त्यात सवलत नाही. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांचं अंतर असेल तर वीज जवळपास १० किलोमीटरवर आहे. अंतर ३० सेकंद किंवा त्याहून कमी झालं की माणसांनी पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. प्राणी आत घ्यायचे ते याच्या आधी. विजा डोक्यावर आल्यावर लोखंडी कुंपणाजवळ उभं राहून प्राण्याला बोलावत बसू नका. दार उघडं ठेवता येत असेल तर ठेवा आणि तुम्ही आत या.

टप्पा ४: सफाईत पाणी कमी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

दमट हवेत पाणी वाळत नाही. सकाळी पाइपने धुतलेली फरशी दुपारीही ओलीच असते आणि त्याच दिवशी प्राणी दिवसभर तिच्यावर असतो. खुरं मऊ पडतात, पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात, अंथरूण टाकल्या टाकल्या भिजतं. म्हणून पावसाच्या दिवशी कोरडी सफाई करायची:

१. प्राणी शेजारच्या कप्प्यात घ्या, मधला दरवाजा बंद करा, कुलूप ओढून बघा.
२. तपासणीसाठी विष्ठेचा नमुना हवा असेल तर तो आत्ताच घ्या. ताजा घ्या, डबीवर प्राण्याचं नाव, तारीख आणि वेळ लिहा. लगेच देता येणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका.
३. विष्ठा, उष्टं आणि भिजलेलं अंथरूण फावड्याने घमेल्यात उचला. कोरडं, स्वच्छ अंथरूण फेकू नका, बाजूला काढा.
४. फक्त घाण झालेली जागा साबणाच्या थोड्या पाण्याने घासा.
५. वायपरने पाणी निचऱ्याकडे ओढा. फरशीवर थर उरता कामा नये.
६. मग जंतुनाशक, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. पुसण्याआधी बाटलीवर दिलेला वेळ जाऊ द्या.
७. धुऊन पुन्हा वायपर, मग पंखा किंवा वारा.
८. फरशीवर हात ठेवून बघा. कोरडी लागली तरच अंथरूण, आणि त्यानंतरच प्राणी.

क्रमांक ४ आणि ६ यांची अदलाबदल हमखास होते. माती आणि विष्ठा असलेल्या जागी ब्लीच ओतलं तर त्याची ताकद त्या घाणीतच संपते. शिवाय मूत्र असलेल्या जागी ब्लीच टाकलं तर मूत्रातल्या अमोनियाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. बंद खोलीत हे गंभीर आहे. ब्लीच आणि आम्ल असलेला कोणताही क्लीनर एकत्र करू नका, एकामागोमाग एकसुद्धा वापरू नका.

बुटांचं जंतुनाशक असलेलं तसराळं पावसात उघड्यावर ठेवलं तर तासाभरात त्यात नुसतं गढूळ पाणी उरतं. ते छपराखाली ठेवा, त्याच्या आधी बूट घासायचा ब्रश ठेवा, आणि पाणी गढूळ दिसलं की बदला.

> थांबून बघा: पाऊस आत येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या जातात आणि निवाऱ्यात अमोनिया साठतो. रिकाम्या कप्प्यात खाली बसा आणि प्राण्याच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा खेळती नाही. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची वरची खिडकी उघडा. हवा बदलली पाहिजे, झोत अंगावर येता कामा नये.

टप्पा ५: चारा आणि खाणं

ओला हिरवा चारा तोलून दिला की त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं असतं आणि प्राण्याच्या पोटात कमी अन्न जातं. तो छपराखाली पसरून निथळू द्या, मग तोला. रवंथ करणाऱ्या प्राण्यांना ओली, कोवळी लसूणघासासारखी वैरण एकदम भरपूर दिली तर पोटफुगी होऊ शकते. आधी सुकं गवत द्या, मग हिरवं थोडं थोडं.

सुक्या गवताच्या गठ्ठ्यात हात खुपसून बघा. आत गरम लागलं, कुबट वास आला किंवा झटकल्यावर राखाडी धूळ उडाली तर तो गठ्ठा परत पाठवा. बुरशीचे कण पक्ष्यांच्या फुप्फुसांत जाऊन जीवघेणा आजार करतात, आणि पेंग्विन, पाणपक्षी, शिकारी पक्षी त्याला लवकर बळी पडतात. दाण्यांवरची बुरशी तर शिजवूनही सुरक्षित होत नाही, कारण तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन उष्णता सहन करतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. "वरचं काढून खालचं देऊ" हा हिशोब इथे करू नका. शंका आली की अख्खं पोतं बाजूला.

उरलेलं खाणं तोलताना चूक होते ती वेगळीच. पावसात भिजून फुगलेल्या खाद्याच्या गोळ्यांचं वजन सकाळी दिलेल्या वजनापेक्षा जास्त भरतं आणि वहीत "काहीच खाल्लं नाही" अशी नोंद पडते. पशुवैद्य धावत येतात, प्राणी मात्र ठीक असतो. याउलट गोळ्या विरघळून वाहून गेल्या तर न खाणारा प्राणी "सगळं खाल्लं" म्हणून नोंदला जातो, आणि ही चूक महागात पडते. पावसात खाणं छपराखालीच द्या. तसं करता आलं नाही तर नोंदीपुढे "भिजलेलं" असं स्पष्ट लिहा.

टप्पा ६: आत असलेल्यांचा दिवस

प्राणी आत आहे, पोट भरलं आहे, आता काम संपलं, असं समजलं की दुपारपर्यंत येरझाऱ्या, पिसं उपटणं आणि आपसातली भांडणं सुरू होतात. कोंडलेल्या दिवसाचं खाणं एकदम देऊ नका. त्याचे चार-पाच भाग करा आणि प्रत्येक भाग वेगळ्या रीतीने द्या. माकडांना दाणे पेंढ्यात विखरून, अस्वलांना पोकळ ओंडक्यात कोंबून, पोपटांना कागदात गुंडाळून, मोठ्या मांजरांना आधी दुसऱ्या प्राण्याच्या अंथरुणाचा वास आणि थोड्या वेळाने मांस. वासाचं अंथरूण निरोगी प्राण्याचंच असावं आणि त्याला पशुवैद्याची संमती असावी. खोक्यांवरची चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. दोरीचा फास गळ्यात अडकेल इतकी लांब दोरी आत ठेवू नका. गटात एकच खेळणं देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण, म्हणून प्राण्यांच्या संख्येपेक्षा एक तरी जास्त द्या.

गर्दी नसलेला पावसाळी दिवस प्रशिक्षणासाठी सोन्यासारखा असतो. काठीच्या टोकाला नाक लावणं, तोंड उघडून दाखवणं, जाळीला पंजा टेकवणं, स्वतःहून वजनकाट्यावर चढणं, वाहतुकीच्या पेटीत जाऊन शांत बसणं. यातलं एकेक शिकलं की पुढची एखादी भुलीची सुई टळते. सत्र पाच ते दहा मिनिटांचं ठेवा आणि प्राण्याला जमलं त्या क्षणी थांबा. न जमल्यावर थांबलात तर पुढच्या वेळी तो यायलाच तयार नसतो.

पत्र्याच्या छपराखाली शिट्टी किंवा क्लिकर (दाबल्यावर टक्‌ असा आवाज करणारं प्रशिक्षणाचं साधन) ऐकू येत नाही. प्राण्याला बक्षिसाची खूण कळत नाही, तो गोंधळतो, आणि कीपर म्हणतो आज याचं लक्षच नाही. जोराच्या सरीत हाताची किंवा दिव्याची खूण वापरा, तीही आधीपासून शिकवलेली. नसेल शिकवलेली तर सर ओसरेपर्यंत थांबा. नवीन धडा वादळात सुरू करू नका.

टप्पा ७: पाय, पिसं, कवच

ओल आधी पायांत शिरते. हत्तीचे तळवे आणि नखांभोवतीची कातडी रोज बघा, भेगांत अडकलेली माती काढा. खूर असलेल्या प्राण्यांची चाल बघा. एक पाय उचलून धरणं, गुडघ्यांवर बसून चरणं, कळपाच्या मागे राहणं या पाय दुखत असल्याच्या खुणा आहेत. खुरांमधून कुजका वास येत असेल तर पशुवैद्याला त्याच दिवशी कळवा. फ्लेमिंगो आणि शिकारी पक्ष्यांचे तळवे, कासवांच्या कवचावरचे मऊ किंवा पांढरे डाग, नाकातून येणारे फुगे हेही बघा.

पाणी साठलेली भांडी, टायर, ताडपत्रीचे खळगे आठवड्यातून किमान एकदा रिकामे करा, कारण उबदार हवेत डासांची अंडी ते उडणारा डास हा प्रवास साधारण ७ ते १० दिवसांत पूर्ण होतो. पेंग्विनच्या आवाराजवळ तर रोज करा. डासांमार्फत पसरणारा पक्ष्यांचा मलेरिया त्यांच्या जिवावर बेततो.

स्वतःच्या शरीराकडेही बघा. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याला त्वचेवरची बारीकशी चीर पुरते. जखम झाकल्याशिवाय साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, गमबुटात पाणी शिरलं की मोजे बदला, काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना तुम्ही काय काम करता हे आधी सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

टप्पा ८: रिकामा तास

पाऊस ओततोय आणि बाहेरचं काही करता येत नाही, असा तास दोन तास मिळतोच. कुलपं सहज फिरावीत म्हणून त्यांत ग्रॅफाइटची भुकटी घाला, सरकत्या दारांचे रूळ साफ करा, वजनकाटा माहीत असलेल्या वजनाने तपासा, उद्याची खेळणी तयार करा, राहिलेल्या नोंदी पूर्ण करा. नवीन सहकाऱ्यासोबत बसून "आत्ता दार उघडं राहून अस्वल बाहेर आलं तर कोण कुठे जाईल" असा प्रश्न सोडवा. नकाशा समोर ठेवा. पाण्याने बंद झालेली वाट त्यात खुणावा, कारण पळण्याच्या नेहमीच्या वाटाच पावसात तुंबतात.

टप्पा ९: उघडीप आणि रात्रीची बंदी

पाऊस थांबला, ऊन आलं, म्हणून सगळी दारं एकदम उघडू नका. मुळं सैल झालेली झाडं पाऊस थांबल्यावर तासाभरानेही पडतात आणि खंदकाचं पाणी वरच्या उतारावरून येत असेल तर ते नंतरच वाढतं. परिघाची फेरी पुन्हा पूर्ण मारा. आवारात उगवलेल्या अळंब्या काढून टाका, कारण विषारी कोणती हे नुसतं बघून ठरवता येत नाही. जाळीच्या भोकांतून आत आलेले साप आणि उंदरांची नवी बिळं शोधा.

रात्रीची बंदी करताना मोजणी सकाळच्याच पद्धतीने करा: दिसला तरच मोजला. अंथरूण हाताने दाबून बघा, ओलसर लागलं तर बदला. निचऱ्याचा पंप चालू करून पाणी खरंच जातंय का ते बघा. रात्रपाळीच्या माणसाला तोंडी सांगा आणि वहीतही लिहा: कोणत्या खंदकाचं पाणी रेघेच्या किती खाली आहे, कोणता प्राणी दिवसभर भिजला, कोणाचं खाणं भिजल्यामुळे मोजता आलं नाही, कोणत्या दाराचा रूळ अडकतोय. सही करण्याआधी कुलपांची शेवटची फेरी मारा, प्रत्येक कुलूप हाताने ओढून.